दुपारची साखर

सकाळी उठल्यावर माझी बोटं अर्धा तास वळत नाहीत. संधिवाताने सुजलेली असतात. आणि नेमक्या त्याच वेळी त्यातल्याच एका बोटाला सुई टोचून साखर बघायची असते. मधुमेह अकरा वर्षांचा, संधिवात चार वर्षांचा. साखरेचे डॉक्टर वेगळे, सांध्यांचे वेगळे. मनीषनगरातल्या आमच्या घरातून एकाकडे जायचं तर एक दिशा, दुसऱ्याकडे जायचं तर दुसरी. फायलीही दोन.

मागच्या हिवाळ्यात माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट खूप वाढून आला. उपाशीपोटीची साखर मात्र चांगली होती. साखरेच्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"मॅडम, आदल्या दिवशी पथ्य पाळून मला फसवता येईल, या रिपोर्टला नाही."

"मी फसवलेलं नाही," मी म्हणाले. "वाताच्या गोळ्या चालू आहेत माझ्या, त्याने तर—"

"त्या चालू द्या. गोड बंद करा आणि रोज चाला."

माझे घोटे तेव्हा चपलेत मावत नव्हते. त्यांनी रात्रीचं इन्सुलिन वाढवलं आणि पुढच्या पेशंटची घंटी वाजवली.

चौथ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना मला दरदरून घाम फुटला, हातातलं लाटणं खाली पडलं. साखर उतरली होती. नवऱ्याने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. त्याच दिवशी दुपारी कामठीहून नणंदबाई बघायला आल्या. रिपोर्टचं ऐकून त्या म्हणाल्या, "चोरून खाऊन राहिली असशील वं. आमच्या सासूबाई बी अशाच करत."

"ताई, माझ्या या बोटांनी डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही. चोरू कशी?"

 त्या गेल्यावर मी बराच वेळ चिडलेली होते. दुखण्याचं मला एवढं काही वाटत नाही. खोटारडी ठरण्याचं वाटतं.

मी भूगोल शिकवते. नववीच्या मुलींकडून दरवर्षी तापमानाचे आलेख काढून घेते. नुसत्या पहाटेच्या आकड्यावरून नागपूरचा मे महिना कळत नाही, हे मीच त्यांना सांगते. मग माझी साखर सगळे फक्त पहाटेच का मोजतात? दुसऱ्या दिवसापासून मी दिवसातून सहा वेळा मोजायला लागले. शाळेतसुद्धा, दोन तासांच्या मधे.

"एवढं काहून टोचून राहिली?" नवरा म्हणाला. "बोटं पाहा जरा."

"मले पाहायचं आहे," मी म्हटलं. "टोचू दे."

दहा दिवसांनी आलेखाच्या कागदावर रेघ काढली. पेन्सिल नीट धरवत नव्हती, रेघ थरथरत गेली, पण दिसायचं ते दिसलं. सकाळी साखर खाली. नाश्त्यानंतर मी वाताची स्टेरॉइडची गोळी घेत असे, आणि दुपारपासून साखर चढत जाई. संध्याकाळी तीनशेच्या वर. रात्री परत उतरत असे.

तो कागद मी साखरेच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"ही गोळी कधीपासून?"

"आठ महिने. मागच्या वेळी मी तेच सांगत होते."

 ते म्हणाले, "सांध्यांच्या डॉक्टरांना विचारून या."

"नाही. तुम्ही विचारा. आत्ताच. मी बसते."

बाहेर पेशंट ताटकळत होते. कंपाउंडरने दोनदा दार उघडून आत पाहिलं. माझे गुडघे ठणकत होते, पण मी उठले नाही. शेवटी त्यांनी फोन लावला. चार वर्षांत माझे दोन डॉक्टर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. पाच मिनिटांत ठरलं: स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं, वाताची दुसरी गोळी वाढवायची, रात्रीचं इन्सुलिन उतरवायचं आणि एक डोस दुपारच्या जेवणाआधी.

निघताना ते म्हणाले, "तुम्ही खाल्लं नव्हतं."

"नव्हतं. ते फायलीवर लिहा."

त्यांनी लिहिलं.

पुढचे दीड-दोन महिने वाईट गेले. स्टेरॉइड उतरलं तसं दुखणं वर आलं. साडीच्या निऱ्या नवरा धरायचा, वेणीही त्यानेच घातली, कशीबशी. पण नंतरच्या रिपोर्टमध्ये साखर बरीच खाली होती, आणि माझ्या आलेखातली रेघही आता फार चढत-उतरत नव्हती. दुखणं गेलेलं नाही. जाणारही नाही, हे मला सांगून झालं आहे.

शाळेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्ग सोडा आता. ऑफिसात बसा, आराम पडेल." प्रेमानेच म्हणाल्या. मी त्यांना तळमजल्यावरचा वर्ग मागितला आणि फळ्याजवळ एक खुर्ची. वर्ग सोडला नाही.

दुपारचं इन्सुलिन मी स्टाफरूममध्ये टेबलाशी बसूनच घेते. अंगठ्याने इंजेक्शनच्या पेनचं बटण दाबलं जात नाही, म्हणून तळहाताने दाबते. नव्या मॅडम एकदा हळूच म्हणाल्या, "बाथरूममध्ये जाऊन घेतलं तर?"

"तिथे उजेड नाही," मी म्हणाले, आणि सुई टोचून घेतली.