ट्रंकेची किल्ली

वर्गातली मंडळी तिला हवालदार म्हणायची आणि तिला त्याचा मुळीच राग नव्हता. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहायची. दाराबाहेर तिने वडिलांचे जुने, दहा नंबरचे बूट मांडून ठेवले होते. पार्सलवाला आला की ती आतून ओरडायची, "बाबा, तुम्ही झोपा, मी बघते!" बाबा असायचे दोनशे किलोमीटर लांब, आपल्या दुकानात.

शेजारी शिलाईकाकू राहायच्या. दिवसभर त्यांचं मशीन आणि तोंड, दोन्ही चालू. "एक किल्ली शेजारी देऊन ठेव," असं आईने दहादा बजावल्यावर आमच्या हवालदारांनी एक किल्ली पाकिटात घातली, पाकीट डिंकाने चिकटवलं, वर सही ठोकली आणि काकूंच्या हवाली केलं. फक्त ती किल्ली दाराची नव्हतीच. घरच्या जुन्या ट्रंकेची होती. दर आठवड्याला ती विचारायची, "काकू, पाकीट आहे ना हो?" काकू मशीनचा खण उघडून दाखवायच्या. सही जशीच्या तशी. तरी खरी किल्ली द्यायला तिचा हात काही धजेना.

असे तीन महिने गेले आणि परीक्षा आली. दोनचा पेपर. साडेबाराला ती वाळलेला टॉवेल आणायला दाराबाहेरच्या सामाईक गॅलरीत आली आणि मागे दार धाडकन लागलं. लॅचचं दार! किल्ली, फोन, हॉल तिकीट, सगळं आत.

तिची हाक ऐकताच काकूंनी खण उघडला. "घे बाई, तुझी ठेव."

तिने पाकीट घेतलं, पण फोडेना.

"अगं फोड की! मुहूर्त बघतेस का?"

"काकू, ही… ही ट्रंकेची किल्ली आहे."

"मग दाराची कुठंय?"

"ती दिलीच नव्हती. तुम्ही पाकीट उघडता का, ते बघत होते."

मशीन थांबलं. काकू हळूच म्हणाल्या, "बहिणीकडे गेले तेव्हासुद्धा पर्समध्ये घेऊन गेले होते गं. हरवायला नको म्हणून."

कुठे तोंड लपवावं तिला कळेना, म्हणून तिने ते टॉवेलात लपवलं.

"रडणं पेपरनंतर!" म्हणत काकू उठल्या आणि खालच्या सुताराला भरल्या ताटावरून उठवून घेऊन आल्या. लॅच मोडून त्याने सव्वा वाजता दार उघडलं. नवीन बसवायला संध्याकाळ होणार होती. हॉल तिकीट हातात घेऊन ती त्या सताड दारात घुटमळली.

"जा," काकू म्हणाल्या आणि बटणांचा डबा घेऊन उंबरठ्यावर बसल्या.

पेपरची पहिली दहा मिनिटं तिच्या डोळ्यांसमोर ते दारच होतं. मग तिसऱ्या प्रश्नाने असा घाम फोडला की दार साफ विसरली.

परत आली तेव्हा काकू तिथेच होत्या. "पंखा तेवढा बंद केला हं. आणि मुली, ते कपाट आहे की उकिरडा?"

"तुम्ही आत गेलात?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं. काकूंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. तिने जीभ चावली.

नव्या लॅचच्या दोन किल्ल्या आल्या. एक तिने काकूंपुढे धरली. काकूंनी ती आधी दाराला लावून पाहिली, एकदा, दोनदा, आणि मग खदखदून हसल्या.

"आत या ना, काकू," ती म्हणाली. खोलीत दुसऱ्या माणसासाठी खुर्चीच नव्हती. पलंगावरची पुस्तकं बाजूला सारून तिने काकूंना जागा करून दिली.