दोन्ही समुद्र एकदम

काकींना रत्नागिरीचा किल्ला तोंडपाठ होता आणि त्यांनी तो पुरता पाहिलेला नव्हता. पायरी कुठं मोडली आहे, कुठल्या वळणावर करवंदीची जाळी पदर ओढते, भुयाराच्या तोंडाशी उभं राहिलं की खालून लाटेचा आवाज कसा येतो, हे सगळं त्या तांदूळ निवडता निवडता सांगत. कधी अडखळत नसत. पहिले तीन महिने मी समजत होते, या बाईंचं अर्धं आयुष्य किल्ल्यावरच गेलेलं असणार.

एकोणीसशे तीसच्या आसपास मी मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून पुण्याहून रत्नागिरीला आले आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले. काकींचे यजमान, नाना, बंदरावरच्या कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं. मुंबईची बोट आली की नाना टोपी चढवून मांडवीच्या धक्क्यावर हजर. गाव बघायला आलेला एखादा पाहुणा दिसला की त्याचा ताबा घ्यायचा, ब्रह्मदेशच्या राजाला ठेवलं होतं तो वाडा बाहेरून दाखवायचा, भाट्याची खाडी दाखवायची, मग किल्ला, आणि शेवटी घरी आणून पोहे. ओटीवर त्यांचं काचेचं कपाट होतं. त्यात तोफेचा गोळा, लाखेची ब्रह्मी डबी, देवमाशाचा मणका आणि कसकसली जुनी नाणी. नाना त्याला 'म्युझियम' म्हणत, काकी 'अजबखाना'. धूळ अर्थातच काकींनी पुसायची. प्रत्येक वस्तूखाली नानांच्या हातची चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठ्यांवरच काकी वाचायला शिकल्या होत्या.

नानांची किल्ला दाखवायची एक रीत होती. बुरुज वीसेक पावलांवर आला की ते पाहुण्याला थांबवत, पाठमोरा करत आणि हाताला धरून उलट्या पावलांनी कठड्यापर्यंत नेत. मग म्हणत, "आता वळा." वळलं की एका अंगाला पांढऱ्या वाळूचा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळ्या वाळूचा, दोन्ही एकदम दिसत. घरी आल्यावर पोह्यांची बशी हातात देऊन नाना विचारत, "वळल्यावर काय वाटलं?" काकी स्वयंपाकघराच्या दाराआडून ती उत्तरं ऐकत आणि जपून ठेवत. "एक कराचीचे व्यापारी म्हणाले, घर आठवलं," त्या मला सांगत. "एक गवई नुसतेच रडले. नि एक शिरस्तेदार, काय सांगू बाय, म्हणाले भूक लागली. त्यांना मी दोनदा पोहे वाढले."

"आणि तुम्हांला काय वाटलं होतं?" मी सहज विचारलं.

सुपातला त्यांचा हात थांबला. "मी कुठं गेल्ये गो? नवरात्रात ओटी भरायला जातो आम्ही भगवतीच्या देवळापर्यंत. खण-नारळ ठेवायचा नि मागं फिरायचं. पुढं बुरुजाकडं बायका जात नाय. लग्न झालं त्या वर्षी ह्यांना विचारलं होतं मी. म्हणाले, तू काय, इथलीच. किल्ला कुठं पळून जातोय?"

त्याला तीस वर्षं झाली होती. मला नानांचा भयंकर राग आला. माणूस दुष्ट नव्हता. काकींना साधी शिंक आली तरी सुंठ उगाळायला बसायचा. त्यांना ते सुचलंच नव्हतं, एवढंच. काकींनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मला एकदाच दोन्ही समुद्र एकदम बघायचेत. बाकी काय नाय मागणं." मग त्यांनी सूप पाखडायला घेतलं.

पुढच्या शिमग्यात माझ्या पुण्याच्या अकरा मैत्रिणी, सगळ्या मास्तरणीच, पालखी आणि मृदंगावर नाचणारे खेळे बघायला आल्या. किल्ला नाना दाखवणार होते. आठ दिवस आधीपासून त्यांची तयारी चालली होती. पण पालखी दारात आली तेव्हा तिच्यापुढं नानांनी अशा काही आरोळ्या ठोकल्या की दुसऱ्या दिवशी घशातून आवाज म्हणून फुटेना. गळ्याला मफलर, हातात माझ्या शाळेतली पाटी. पाटीवर लिहिलं, 'उद्या नेतो.' मैत्रिणींची बोट उद्या सकाळचीच होती. नानांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'मग राहिलं.' माझं तोंड उतरलं.

"मी नेत्ये," दारातून आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. काकी पदराला हात पुसत होत्या. "सगळं येतंय मला. देवळाच्या पुढचंसुद्धा."

नानांनी पेन्सिल पाटीवर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. काकी तोवर वहाणा शोधायला लागल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या नव्हत्याच, मग माझ्याच जुन्या चढवल्या.

बारा बायका आणि पुढं काकी, अशी आमची वरात आळीतून निघाली तेव्हा दारोदारी माणसं येऊन उभी राहिली. काकींनी कुणाकडं पाहिलं नाही. चढावर त्या एकेक गोष्ट सांगत होत्या आणि एकेक गोष्ट जागच्या जागी सापडत होती. चूक एकच झाली. मोडकी पायरी म्हणून जिथं थांबल्या, तिथं नवरात्रानंतर कुणीतरी ती नवी बसवली होती. काकी तिच्याकडं रागानं बघत म्हणाल्या, "ही मोडकी हवी होती."

देवळापाशी त्यांनी नमस्कार केला आणि सवयीनं मागं फिरल्या. दोन पावलं गेल्यावर थबकल्या. त्यांनी पदर खोचला, "चला" म्हणाल्या आणि देवळाला वळसा घालून पुढं निघाल्या.

बुरुज जवळ आला तशी त्यांनी आम्हांला थांबवलं, पाठमोरं केलं, एकमेकींचे हात धरायला लावले. आम्ही उलट्या पावलांनी निघालो, हसत, ठेचकाळत. काकी आमच्याकडं तोंड करून चालत होत्या. यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. पाहुण्यांनी समुद्राकडं पाठ केली की दाखवणाऱ्याचं तोंड समुद्राकडं होतं. कठडा माझ्या पाठीला लागला, वारा एकदम अंगावर आला, आणि काकी बोलायच्या थांबल्या.

'आता वळा' काही येईना. आम्ही बाराजणी हात धरून उभ्या, आणि काकी आमच्या डोक्यांवरून बघतायत. डोळे एकदा उजवीकडं जात, एकदा डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं केव्हाच उडाला होता. तो सावरायचं त्यांना भान नव्हतं. आमचं हसणं आपोआप थांबलं. मी तो समुद्र नंतर पुष्कळदा पाहिला. त्या दिवशीचं मला आठवतं ते काकींचं तोंड.

बऱ्याच वेळानं एकीनं हळूच विचारलं, "काकी, वळू का?"

"थांबा गो जरा," काकी म्हणाल्या. "माझं बघून व्हायचंय अजून."

घरी आल्यावर पोहे मी केले. नानांनी पाटी पुढं केली, 'वळल्यावर काय वाटलं?' मैत्रिणींनी आपापलं सांगितलं. मी म्हटलं, "नाना, काकींना विचारा." नाना माझ्याकडं बघतच राहिले. मग काय उमजलं कोण जाणे, मान खाली घालून त्यांनी पाटी पुसली, पुसतच राहिले, आणि शेवटी एकच शब्द लिहून ती काकींपुढं धरली: 'तुला?'

काकींनी विचार केला. "तुमचं सगळं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पण वारा सांगत नाय तुम्ही कधी."

घसा सुटल्यावर नाना वारा सांगायला लागले. "हे आमच्या मंडळींनी घातलंय" असं पाहुण्यांना मुद्दाम बजावत. काकी त्याहून पुढं गेल्या. नवरात्रात ओटी भरून बायका मागं फिरायला लागल्या की त्या देवळाच्या दारात आडव्या उभ्या राहत. "दोन पावलांवर हाय. चला, पाठ करा." तिसऱ्या वर्षी खण-नारळाची ताटं हातात घेऊन चाळीसेक बायका बुरुजावर उलट्या चालत होत्या, त्यात सासू-सुनेच्या तीन जोड्या होत्या. पुरुष नानांनी न्यायचे, बायका काकींनी, अशी वाटणीच झाली. दोघं मिळून मात्र कधी गेले नाहीत. लोक काय म्हणतील, तेही दोघांना तोंडपाठ होतं.

चार वर्षांनी माझी बदली झाली. निघताना काकींनी हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "बंदरावर मी येणार नाय. तू बोटीत गावाकडं पाठ करून बस. किल्ल्याखाली आलीस की वळ." मला वाईट वाटलं. मांडवीला पाहिलं तर एकही बोट न चुकवणारे नानासुद्धा धक्क्यावर नव्हते. तेव्हा तर रडूच आलं.

तरी सांगितल्याप्रमाणं मी बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात पाठमोरी बसले, बोटीवर चढून पुन्हा पाठमोरी बसले. खलाशी हसत होते. बोट किल्ल्याखाली आली तशी मी वळले. वर बुरुजावर एक जांभळा ठिपका होता, काकींच्या सणाच्या लुगड्याचा. त्याला लागूनच दुसरा, पांढरा. तो एक हात हलवत होता, आणि दुसऱ्या हातानं त्यानं डोक्यावरची टोपी घट्ट धरून ठेवली होती.