सहा मिनिटांचे वडे

शरयू देवस्थळी टीव्हीवर जाणार, ही बातमी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीपासून सेंट पॉलपर्यंतच्या बासष्ट मराठी घरांत दीड तासात पोहोचली. पोहोचवण्याचं बरंचसं काम शरयूने स्वतःच फोनवर बसून केलं होतं. मध्ये एकदा ती पाणी प्यायला उठली, तेवढाच काय तो खंड.

गोष्ट पंच्याऐंशी सालच्या जूनमधली. तिथल्या एका टीव्ही स्टेशनवर दुपारी बारा वाजता गप्पा, बागकाम आणि पाककृती यांचा एक कार्यक्रम लागत असे. त्यांना भारतीय पदार्थ करून दाखवणारी बाई हवी होती, म्हणून त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या नंबरावर फोन केला. त्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी होता शरयूचा नवरा श्रीराम, आणि श्रीराम ऑफिसात असल्यामुळे मंडळाचा नंबर म्हणजे शरयूच्या ओट्याशेजारचा फोन. सहा मिनिटांत काहीतरी करून दाखवेल अशी कोणी आहे का, असं पलीकडून विचारल्यावर शरयूने कमिटीला विचारून सांगते म्हटलं, फोनवर हात ठेवला, मनात दहा आकडे मोजले आणि कमिटीने शरयू देवस्थळी यांची निवड केल्याचं कळवलं.

आता खरं सांगायचं तर कमिटीला विचारलं असतं तर कमिटीने एकमुखाने मीनाक्षी कर्णिकचं नाव घेतलं असतं. मीनाक्षीच्या हाताला चव होती. तिच्याकडे जेवलेली माणसं आठवडाभर स्वतःच्या बायकोशी जपून बोलत. शरयूची ख्याती वेगळी होती. एकाहत्तर साली मिरजेहून लग्न होऊन ती थेट मिनेसोटाच्या बर्फात उतरली. गाडी चालवायला शिकली, पोहायला शिकली, बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्या शेजाऱ्याला शेजारी बसून सल्ले द्यायला शिकली. पण चौदा वर्षांत तिला कमी स्वयंपाक करायला जमलं नाही. दिवाळीला, गणपतीला शंभर माणसांचा भात टाकायचा असला की मंडळ शरयूला बोलवी, आणि त्या भाताबरोबर जे खायचं ते मीनाक्षीला सांगे. हे शरयूला चौदा वर्षं बोचत होतं.

बातमी मीनाक्षीलाही शरयूनेच सांगितली. मीनाक्षीने अगदी मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, "काय करणार आहेस?"

"बटाटेवडे."

"बरं केलंस गं. ते सहसा बिघडत नाहीत."

त्या एका वाक्यानंतर शरयूला टीव्हीची हौस उरली नाही. आता तो अब्रूचा प्रश्न झाला. त्या सहा मिनिटांत बासष्ट घरांना, आणि त्यातल्या एका घराला विशेषकरून, दिसलं पाहिजे होतं की शरयू देवस्थळीचा वडा म्हणजे काय चीज आहे.

स्टेशनवाल्यांनी सामानाचं साफ सांगितलं होतं: कॅमेऱ्यासमोर तळायला दोन-तीन वडे आणि ताटलीत मांडायला तीन. एकूण सहा पुरे. शरयूने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हसत होती. परक्या ठिकाणी जायचं आणि मोजून सहा वडे न्यायचे? दिवे धरणारे असतील, कॅमेरेवाले असतील, दाराशी बसणारी मुलगी असेल. ते नुसते वास घेत उभे राहणार आणि आपण तीन वडे मांडून नमस्कार करून येणार? तिने पंधरा पौंड बटाटे उकडले. पिकनिकचा मोठा कूलर सारणाने भरला. बेसन, दोन चटण्या, लसणाचं तिखट आणि कागदी बशांचा गठ्ठा वेगळ्या पिशवीत. गाडीची डिकी लागेना, तेव्हा श्रीरामला तिच्यावर बसवून ती लावली.

श्रीरामने त्या दिवशी रजा घेतली होती. नव्या व्हीसीआरवर कार्यक्रम टेप करण्याची जबाबदारी त्याची. शरयूने त्याला सोफ्यावर बसवून सूचना दिल्या: जाहिरात आली की पॉज दाबायचं, संपली की सोडायचं. जागचं हलायचं नाही. फोन वाजला तरी घ्यायचा नाही, दार वाजलं तरी उघडायचं नाही. श्रीराम हा मुळात सांगितल्याप्रमाणे वागणारा माणूस. त्याने मान डोलावली आणि दहाच्या सुमारासच रिमोट हातात घेऊन बसला.

स्टुडिओतलं स्वयंपाकघर शरयूला फार गमतीचं वाटलं. नळाला पाणी नव्हतं, खिडकीबाहेरचं मेपलचं झाड रंगवलेलं होतं, फ्रिज उघडला तर आत कोणाचा तरी कोट. शेगडी मात्र खरी होती. आणि स्वयंपाकघराच्या उजव्या हाताला, चार पावलांवर, हवामान सांगणारे डेल लिंडक्विस्ट त्यांच्या भल्यामोठ्या नकाशासमोर उभे होते. पन्नाशीचा उंच माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पहाटे पाचपासून उपाशी. सकाळपासून हवा कुंद होती आणि रडारवर पश्चिमेकडे काहीतरी वाढत होतं, म्हणून ते जागचे हलले नव्हते.

बारा वाजून सतरा मिनिटांनी कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. बार्ब नावाच्या हसऱ्या निवेदिकेने पाहुणीची ओळख करून दिली. तेल तापलेलं होतं. शरयूने हात जोडले आणि म्हटलं, "नम..."

लाल दिवा विझला. शेजारचा लागला. बासष्ट घरांनी 'नम' ऐकलं, 'स्कार' वादळात गेला.

पडद्यावर आता डेल होते. कार्व्हर काउंटीत टोर्नेडोचा इशारा होता, शेतांवर ढगाचं नरसाळं लोंबताना कोणीतरी पाहिलं होतं. हे नेहमीचंच, बार्ब कुजबुजली, दोन मिनिटांत परत येऊ आपल्याकडे. शरयू हात जोडूनच उभी राहिली. दोन मिनिटं झाली, दहा झाली. डेल एकेका गावाचं नाव घेऊन सांगत होते, कोणी कुठे लपायचं, खिडक्यांपासून दूर कसं राहायचं. साडेबाराची मालिका गेली, जाहिराती गेल्या, शरयूही गेली. पस्तिसाव्या मिनिटाला बार्बने खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आजचं काही खरं नाही. शरयूने हात सोडले. मीनाक्षीचा चेहरा तिला समोरच्या काळ्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होता.

इतक्यात भोंगा वाजला आणि स्टुडिओचं दार उघडून माणसं आत यायला लागली. इमारतीच्या मधोमध, बिनखिडक्यांची अशी तीच एक खोली, म्हणून सगळ्या मजल्यांना तिथे यायचा हुकूम होता. टायपिस्ट आल्या, जाहिरात विकणारे आले, मोठे साहेब आले, दाराशी बसणारी मुलगी आली. चाळीसेक माणसं, दुपारचा एक वाजलेला, कोणाचंही जेवण झालेलं नाही. सगळे भिंतीला टेकून जमिनीवर बसले, आणि हळूहळू एकेकाचं नाक रंगवलेल्या मेपलच्या दिशेने वळायला लागलं.

शरयूने आयुष्यात बऱ्याच गोष्टी सहन केल्या होत्या, पण पंगत बसली आहे आणि वाढलेलं नाही हे तिला कधीच सहन झालं नव्हतं. तिने पदर खोचला, कूलर उघडला आणि पहिला घाणा तेलात सोडला.

मोठा आवाज झाला. गरम तेलात एकदम आठ वडे पडल्यावर जो होतो तोच, पण डेलच्या मायक्रोफोनने तो सगळ्या मिनेसोटाला ऐकवला. स्टेशनचे फोन खणखणायला लागले. तुमच्या छपरावर गारा पडताहेत का, लोक घाबरून विचारत होते. हेडफोन लावलेली एक मुलगी ओणवी धावत आली आणि शरयूला हाताने थांबा थांबा करायला लागली. शरयूने तिच्या त्याच हातात एक वडा ठेवला. मुलीने थांबा म्हणणं थांबवलं.

डेल कॅमेऱ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "मंडळी, ही गारपीट नाही. माझ्या शेजारी स्वयंपाक चाललाय, आणि वास फार छान येतोय."

बस्स. एवढं ऐकल्यावर आठ तासांच्या उपाशी माणसाला तसंच बोलू देणं शरयूच्या रक्तातच नव्हतं. पडद्याच्या उजव्या कडेने एक हात आत आला. हिरव्या बांगड्या, मनगटावर बेसनाचा शिंतोडा, हातात कागदी बशी, बशीत दोन वडे आणि चटणी. बशी रडारच्या टेबलावर ठेवून हात निघून गेला. डेलनी एका हाताने वादळाचा रस्ता दाखवत दुसऱ्या हाताने वडा उचलला. मग हात बदलला. स्कॉट काउंटीवर तेलाचा अंगठा उमटला, आणि तिथल्या दोघातिघांनी फोन करून विचारलं की आमच्यावर हे नवीन काय आलंय.

शरयू चौथा घाणा काढत होती, तेव्हा डेलनी तिच्याच गावाचं, ईडन प्रेरीचं नाव घेतलं. वादळ वळलं होतं. तिथल्या सगळ्यांनी या क्षणी तळघरात जावं, ते म्हणत होते.

झारा हवेत राहिला. शरयूच्या डोळ्यांसमोर सोफा आला, सोफ्यावर रिमोट धरून बसलेला श्रीराम आला. मागे केवढी मोठी काचेची खिडकी. जागचं हलायचं नाही, असं तिनेच त्याला सांगितलं होतं, आणि तो हलणार नव्हता. तिने भिंतीवरच्या फोनकडे धाव घेतली. लाइन लागली, घंटा वाजत राहिली. फोन घ्यायचा नाही, हेही तिनेच सांगितलं होतं.

बायकोची अब्रू टेपवर यावी म्हणून एक माणूस काचेसमोर बसून होता. शरयूने शेगडी बंद केली आणि चार पावलं चालत सरळ डेलजवळ गेली. कॅमेऱ्यात आपण दिसतोय की नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिने त्यांच्या कानाशी वाकून घाईघाईने सांगितलं. डेलनी एकदा तिच्याकडे पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि कॅमेऱ्याकडे वळले.

"ईडन प्रेरीतले श्रीराम," ते अतिशय गंभीरपणे म्हणाले, "तुमची पत्नी सांगते आहे, तळघरात जा. टेप आपोआप चालते."

वादळ ईडन प्रेरीच्या उत्तरेकडून निघून गेलं. काही गोठ्यांची छपरं उडाली, कोणाची तरी होडी मक्याच्या शेतात सापडली, पण माणसांना कुठे ओरखडा आला नाही. शरयूने शेगडी पुन्हा पेटवली. अडीच वाजता डेल खुर्चीत बसले आणि बशी रिकामी पाहून त्यांनी आणखी दोन मागून घेतले. कूलरमध्ये तळाला चिकटलेलं सारण तेवढं उरलं होतं. मोठ्या साहेबांनी बोट फिरवून तेही संपवलं.

शरयू घरी आली तेव्हा चार वाजले होते. खिडकी शाबूत होती, सोफा रिकामा होता. श्रीराम तळघरात तांदळाच्या पोत्यावर बसून होता.

"अहो, अजून इथे?"

"जा म्हणून सांगितलं, गेलो. वर या असं कोणी सांगितलंच नाही." टीव्ही वरच्या मजल्यावर होता, हे खरं.

तिने त्याला दंडाला धरून वर आणलं. दंड जरा घट्टच धरला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"दोन खाल्ले त्याने," पलीकडून मीनाक्षी म्हणाली. ना हॅलो, ना काही. "मी बघत होते. दुसऱ्याला हात घालताना त्याचं नकाशाकडे लक्ष नव्हतं."

"नंतर आणखी दोन घेतले. ते दिसलं नाही तुला."

"आलं जास्त घातलंस. दुसऱ्यानंतर पाणी शोधत होता."

"थोडं जास्तच झालं," शरयू म्हणाली. चौदा वर्षांत असं कबूल करण्याची ही पहिलीच वेळ, आणि तिला त्यात काहीच जड गेलं नाही. "पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. तू ये माझ्याबरोबर. सारण तुझं, तळणं माझं."

"हे कोणी ठरवलं?"

"मी."

"मग येते," मीनाक्षी म्हणाली. "बटाटे मी आणीन. तुझ्या मापाने नाही."

शरयूने कालचा वरणभात गरम केला आणि ताटली घेऊन सोफ्यावर आली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. शंभरावर वड्यांमधला एकही तिच्या वाट्याला आला नव्हता. श्रीरामने टेप मागे नेली आणि लावली. नकाशा, ढग, डेल. मग उजवीकडून तो हात आला, बशी ठेवून गेला. चार सेकंद. त्यानंतर बऱ्याच वेळाने पडद्याच्या कडेला एक घाबरलेला चेहरा आला, कानाशी वाकला. शरयू घास हातात धरून बघत राहिली.

"केस बघा माझे," ती म्हणाली.

"पुढे नेऊ?"

"नको. परत लावा."