साफ केलेला चेहरा

"श्वास सोडा. कोन मारीत नाय तुमाला."

कॅमेऱ्यामागे उभ्या राहून मावशी एवढंच म्हणायच्या. स्टुलावर ताठ बसलेला माणूस हसायचा, त्याचे खांदे खाली यायचे, आणि मावशी बटण दाबायच्या. मी मात्र डहाणू रोडला स्टेशनबाहेर इतकी वर्षं स्टुडिओ चालवतोय आणि गिऱ्हाइकांना उलटंच सांगत आलोय, "हनुवटी वर, श्वास रोखा, हलू नका." तुम्हीही कधीतरी अशा स्टुलावर बसला असाल आणि नंतर ओळखपत्रावरचा स्वतःचा चेहरा बघून चरफडला असाल. ती आमच्यासारख्यांचीच करणी.

मावशी माझ्याकडे आल्या त्या झाडलोटीला. पूर्वेच्या डोंगरातलं त्यांचं गाव धरणात गेलं. कागदोपत्री त्या प्रकल्पग्रस्त, पण स्वतः सांगायच्या, "मी बुडितातली." भात-नागली पिकवणारी बाई मुलीबरोबर भाड्याच्या खोलीत राहून दुकानं झाडत होती. गावातल्या बऱ्याच जणांना तलासरीकडे वसाहतीत प्लॉट मिळाले होते, यांना नाही. का, ते मी विचारलं नाही. आम्हाला गप्पांना वेळ असतो, अशा चौकशांना नसतो.

एक गोष्ट मात्र खटकायची. दुकानातला मोठा आरसा पुसताना त्या तोंड फिरवून घ्यायच्या.

"मावशी, आरसा चावतो का?" मी चिडवायचो.

"तुमचा आरसा तुमाला लखलाभ," म्हणून त्या पुढच्या कामाला लागायच्या.

एकदा मी जेवायला गेलो असताना नरपडचा एक मासेमार आला. त्याला फॉर्मसाठी फोटो हवा होता आणि बसची घाई होती. मावशींनी रोज बघून बघून शिकलेलं बटण दाबून टाकलं. परत आल्यावर मी तोंड सोडलंच, "उद्यापासून लग्नाच्या ऑर्डरीही तुम्हीच घ्या!" मग फोटो बघितला. माणूस जसाच्या तसा उतरला होता. त्यानंतर निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच बसू लागली आणि मी दुपारी निवांत जेवू लागलो.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत. तिथे माझं काम चालू असताना मावशी कधी येत नसत. एका दुपारी आपण काढलेला फोटो मोठा कसा दिसतो ते बघायला आल्या. मी सवयीने कामाला लागलो होतो. त्या गिऱ्हाइकाच्या कपाळावरची खोक पुसली, गाल उजळ केले.

"हे काय करता?"

"साफ करतोय. जादा पैसे घेत नाही हं त्याचे."

त्यांनी माझी खुर्ची मागून धरली.

"शेट, माजा फोटोबी असाच साफ केला होता काय?"

मग त्यांनी सांगितलं. प्लॉटच्या अर्जाला फोटो हवे होते म्हणून अख्खं गाव टेम्पोतून खाली उतरलं होतं, ते माझ्याच दुकानात. तो दिवस मला पक्का आठवत होता. अशी झुंबड विवळवेढ्याच्या जत्रेच्या दिवसांतही माझ्याकडे उडत नाही. त्या गर्दीत मावशीही होत्या, हे मात्र मला आठवत नव्हतं. डोंगरातली साधी माणसं, आपणच त्यांना जरा चांगलं दाखवावं, म्हणून मी रात्रंदिवस बसून एकेक चेहरा उजळला होता. मावशींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, डाव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग. मी सगळं पुसून टाकलं होतं. पडताळणीला सरकारी साहेबाने फोटो बघितला, बाई बघितली आणि म्हणाला, "ही ती नव्हे." गाववाले सांगत होते, पण गाववाले आपल्या माणसाची बाजू घेणारच, असं म्हणून अर्ज बाजूला पडला.

"मग तुम्ही भांडला का नाहीत?"

"काय भांडू? मला वाटला, साहेब खरा बोलतो. गाव गेला, घर गेला, तसा माजा तोंडबी गेला आसंल. म्हनून तर आरशात बगत नव्हती."

मी हादरलो. आपण कुणाचं वाईट केलं नाही, अशी माझी समजूत होती. एका बाईचा हक्काचा प्लॉट मी घालवला होता, वर तिचा तिच्या चेहऱ्यावरचा विश्वासही. आणि हे सगळं हौसेने केलं होतं.

दोन दिवस जुन्या सीड्या उपसल्या. मूळ फोटो सापडला. मावशींनी पडद्यावरच्या गालाला बोट लावलं, मग स्वतःच्या.

"मीच हाय की," त्या म्हणाल्या. उठून आरशापुढे गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. तोवर मी गिऱ्हाइकांना बाहेर थांबवून धरलं.

चूक माझी, असं मी लिहून दिलं आणि खाली सही केली. नव्या अर्जाला नवा फोटो लागत होता. मी कॅमेऱ्याकडे वळलो, तर त्यांनी मला बाजूला केलं. टायमर कसा लावायचा ते विचारून घेतलं, स्टुलावर बसल्या आणि स्वतःचा फोटो स्वतः काढला. मी त्याला हात लावला नाही. पत्ता विचारला तर म्हणाल्या, "दुकानाचा घाला. खोली काय, बदलत ऱ्हाते."

पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. इतकी काटक बाई चार दिवसांत जाते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

दीड महिन्याने दुकानाच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं पत्र आलं. मी मुलीला बोलावून ते वाचून दाखवलं. अर्ज पुन्हा विचारात घेतला होता. सोबत अर्जाची झेरॉक्स होती, आणि त्या काळपट फोटोतही गोंदण दिसत होतं, डाग दिसत होता. खाली लिहिलं होतं की ओळख पटवण्यासाठी अर्जदाराने समक्ष हजर राहावे.

मुलीने कागद हातात घेतला. आईच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आता साहेबाने ओळखला असता ना तिला?"