मायच्या हिरडीतलं रक्त

संशय घेणं हा माझा जन्माचा रोग. दूधवाल्याच्या तोंडावर मी दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरून बघायचे. लातूर नवा जिल्हा झाला आणि नांदेडहून माझी इथल्या एका कचेरीत बदली झाली. वर्ष दुष्काळाचं. टँकर आला तर तीन घागरी, न्हाई आला तर बसा बोंबलत. तशातच मुदखेडहून मी मायला माझ्याकडे आणलं, कारण तिची एक दाढ हलत होती आणि हिरड्या सुजल्या होत्या.

दाताचा डॉक्टर पुण्याकडचा, नुकताच शिकून आलेला. मायच्या तोंडात आरसा घालून त्यानं विचारलं, “मावशी, मिसरी लावता का?”

“हाव. न्हाण आल्यापासून लावते. त्यानंच तर दात टिकले.”

मग त्यानं मला समजावलं. हिरडीत जंतू आहेत. त्यांना बारीक केस असतात, आणि कुसळ लुगड्याला धरतं तसे ते केसांनी हिरडीच्या पेशीला धरून बसतात. नुसती चूळ भरून सुटत नाहीत, खरवडूनच काढावे लागतात. मिसरी बंद करा आणि दर आठवड्याला या.

जंतूला केस! मग त्यांची तेलफणी कोण करतं, असं मी घरी येऊन मायला म्हणलं आणि आम्ही दोघी लई हसलो. पण दर आठवड्याला कशाला बोलावतो, हे डोक्यातून जाईना. खरवडून खरवडून दात ढिले करायचे आणि मग कवळी गळ्यात मारायची, दुसरं काय! तरी एकदा खरवडून घेतलं. मायनं मिसरीही सोडली.

पाचव्या दिवशी ती थुंकली तर लाल. रोज सकाळी लाल. माझं डोकंच फिरलं. तशीच उठले आणि दवाखान्यात जाऊन त्याला धारेवर धरलं. “तुम्ही हात लावायच्या आधी एक थेंब रक्त येत नव्हतं!”

तो चिडला नाही. म्हणाला, “रोग आधीही होताच, ताई. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळल्या होत्या, म्हणून दिसत नव्हता. आता दिसतोय. जरा कळ काढा, येणं मात्र सोडू नका.”

किती गोड बोलतो मेला! चूक स्वतःची आणि नाव मिसरीचं. रक्त वाहतंय आणि म्हणे कळ काढा. चोराच्या उलट्या बोंबा!

घरी आले आणि तवा चुलीवर ठेवला. तंबाखू मीच भाजली. त्या धुरानं ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं, तरी काळी होईपर्यंत हलवत राहिले, वाटली आणि मिसरीची डबी भरून मायपुढं ठेवली.

“डॉक्टर न्हाई म्हणला व्हता की गं,” माय म्हणाली.

“कालचं पोरगं ते, त्याला काय कळतं! लाव तू.”

तिनं लावली. थोड्याच दिवसांत रक्त थांबलं. माझा तोरा काय वर्णावा! टँकरच्या रांगेत मी बायकांना सांगत सुटले, की त्या डॉक्टरच्या दारात जाऊ नका, चांगलं तोंड बिघडवतो. दोघीतिघी माझं ऐकून घरीच राहिल्यासुद्धा. आता आठवलं की लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मायची दाढ गेली, आणि समोरचे दोन दात हलायला लागले. मी टँकरच्या खाऱ्या पाण्यावर संशय घेतला. रेशनच्या ज्वारीतल्या खड्यांवर घेतला. त्या डॉक्टरनं खरवडलं होतं, त्यावर तर घेतलाच.

एका दुपारी माय भाकरी चावता चावता थांबली. तोंडात दोन बोटं घातली आणि समोरचा दात मुळासकट बाहेर काढला. मी तांब्या घेऊन धावले. तिनं रिकाम्या जागी बोट फिरवलं, बाहेर काढून उजेडात धरलं. बोट कोरडं होतं. नळ्या आवळल्यात म्हणून रोग दिसत नाही, हा त्या डॉक्टरचा शब्द न् शब्द मला तेव्हा कळला.

माय मात्र खुश. माझ्या तोंडाकडं बघून हसली, तेव्हा मधली खिंड दिसली.

“बघ गं, दात निघाला पर रक्ताचा थेंब न्हाई. तुझंच खरं व्हतं, बाई. दे, डबी दे इकडं.”