बंगल्यावरची खीर

"छी! आधी तू पिऊन दाखव," असं म्हणत आमच्या ट्यूटरबाई बाळाची आंबूस वासाची दुधाची बाटली थेट त्याच्या आईच्या नाकाशी धरत. आई ओशाळायची. मग बाई तिच्याजवळ उकिडव्या बसून बाटली कशी उकळायची ते दाखवत आणि उठताना तिच्या गालावर हलकी चापट मारत. ती आई बहुधा चौदा-पंधरा वर्षांची पोरच असे.

साठ-पासष्ट सालच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आम्ही मुली नर्सिंग शिकत होतो. लहान मुलांचे आजार शिकवणारे पुष्कळ होते. न्हाण आलेल्या, लग्न ठरलेल्या पोरींच्या तब्येतीकडे पाहणाऱ्या मात्र या एकट्याच. "लेकराची माय बी लेकरूच हाय. तिले कोन पाह्यते?" हे त्यांचं नेहमीचं.

हट्ट्याजवळच्या एका गावात त्यांनी अभ्यास मांडला. अशक्त मुलींना सरकारी पावडरचं दूध द्यायचं आणि महिन्याच्या महिन्याला वजन करायचं. मी मदतीला जायची. महिने गेले तरी काटा हलेना. बाई स्वतःवरच चिडत. "माहंच काही चुकून राह्यलं." मुली म्हणत, दूध निव्वळ पाणी लागते.

पावडर वाटण्याचं काम ज्या साहेबांकडे होतं, त्यांच्या बंगल्यावर मुलाच्या वाढदिवसाला आमच्या सगळ्या दवाखान्याला बोलावणं आलं. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील, सगळ्यांशी गोड आणि स्वतःवर खूश. वाट्यांतून घट्ट खीर आली. बाईंनी एक घास घेतला आणि त्या थांबल्या. पावडरची ती चव आम्ही दोघी ओळखत होतो.

"साहेब, हे दूध माह्या पोरीयचं हाय."

साहेब हसले. "अरे बाई, खराब होऊन राह्यली होती पावडर. खेड्यातल्या पोरीयले पचते का हे?"

बाई उठल्या, अंगणातल्या नालीपाशी जाऊन थुंकल्या, चूळ भरली. आता तरी कोणी वाटी खाली ठेवेल, असं मला वाटलं. आमच्या डॉक्टरांनी बोट चाटून दुसरी वाटी मागितली. खिरीपेक्षा त्या ओल्या ओठांची मला किळस आली. आजही येते.

दूध मुलींपर्यंत पोचलंच नाही, पोचलं ते पाणी, असं बाईंनी अहवालात लिहिलं. ते वाक्य काढा, असं वरून सांगण्यात आलं. "काहून काढू?" एवढंच त्या म्हणाल्या. अभ्यास फेटाळला गेला, बाईंची बदली दूर जंगलात लागली. त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्या नागपूरला प्रोफेसर झाल्या आणि शेवटपर्यंत हाच विषय शिकवत राहिल्या. साहेबांना बढती मिळाली. त्यांच्या सत्काराला हार घेऊन सगळा दवाखाना लोटला होता.

बाईंनी बालाघाट सोडलं त्या दिवशी स्टेशनवर दवाखान्यातलं कोणी नव्हतं. मी होते, आणि अभ्यासातली एक पोर आपल्या आईबरोबर आली होती. बाईंनी खिडकीतून तिचं मनगट धरलं. "आधी तू जेवत जाय. मंग बाकीच्यायले वाढ. समजलं?"

"हौ, बाई."

गाडी सुटली. आईने पोरीचा दंड ओढला. "चाल झटकन. घरी मानसं उपाशी हायेत."

पोरीने एकदा रिकाम्या रुळांकडे पाहिलं आणि ती आईच्या मागे चालू लागली.