आक्षेपित मत

ज्या लोकसभा निवडणुकीनंतर दिल्लीत कोणालाच बहुमत मिळाले नाही, त्या निवडणुकीत मी माझ्या एकमेव मित्राच्या मतदानावर लेखी आक्षेप घेतला. तो आक्षेप कायदेशीर होता. हे वाक्य मी गेली तीसेक वर्षे निरनिराळ्या प्रकारे लिहीत आलो आहे आणि दर वेळी ते बरोबरच असते.

लिंबागणेशच्या पलीकडचे आमचे गाव त्या वर्षी दिवाळीनंतर निम्मे रिकामे झाले. पाऊस झाला नव्हता. एरवी ऊसतोडीला न जाणारी घरेही मुकादमाच्या ट्रकमध्ये बसली. जाताना माणसे शेजाऱ्याकडे शेळी ठेवत, तसेच मतही ठेवत. "माझं तेवढं टाक," एवढे म्हटले की झाले. याला कायद्यात तोतयेगिरी म्हणतात, हे मी पारावर आणि तहसीलदारांना धाडलेल्या तीन अर्जांत सांगितले होते. लोक हसत. मला 'वकीलसाहेब' म्हणत. मी भूमी अभिलेख कचेरीतून लवकर निवृत्त झालेला कारकून होतो.

मित्र गावच्या सेवा सोसायटीचा चेअरमन. आमची घरे एका भिंतीची. माझी पत्नी वारल्यापासून संध्याकाळचा चहा तोच आणी, तांब्यातून. माझे अर्ज मोठ्याने वाची आणि 'सदरहू' आले की थांबून हसे.

मतदानाच्या दिवशी शाळेत मी एका अपक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. तो उमेदवार स्वतः गावात एकदाही फिरकला नव्हता. दुपारी मित्र दुसऱ्यांदा आला. सकाळची शाई बोटावरून घासून काढलेली, हातात ऊसतोडीला गेलेल्या धाकट्या भावाच्या नावाची मतदार-चिठ्ठी. माझ्याकडे पाहून त्याने डोळा मिचकावला. त्याने मला सामील धरले होते, याचाच मला संताप आला.

मी नियमाप्रमाणे दोन रुपये अनामत भरून आक्षेप नोंदवला.

"अहो, जाऊ द्या," केंद्राध्यक्ष हळूच म्हणाले. "तोंडी समज देऊन परत पाठवतो."

"लेखी घ्या," मी म्हणालो.

"काय बे, खरंच लिवतो का?" मित्र अजून हसत होता. "भावानंच सांगितलंय मला. तुला काहून एवढी आग?"

मी कागदावरून मान वर केली नाही.

हवालदाराने त्याला सायंकाळपर्यंत व्हरांड्यात बसवले. सोसायटीचे सभासद एकेक करून त्याच्यासमोरून गेले. पुढे गुन्हा काही नोंदवला गेला नाही. त्याबाबतही मी कलेक्टरांना स्मरणपत्र पाठवले.

निकाल रेडिओवर आले. पारावर कोणीतरी म्हणाले, "दिल्लीत थोडी मतं कमी पडली म्हणं, वकीलसाहेब. तुमी अडविलेलं तेच असंल!" सगळे हसले. अल्पमतातले सरकार बेकायदेशीर नसते, सभागृहात विश्वास दाखवता आला की ते चालते आणि बाहेरून पाठिंबा देणारे उठले की संपते, हे मला सांगायचे होते. ऐकून घेणारा एकच होता, आणि त्याचे दार माझ्यापुरते बंद होते.

उन्हाळ्यात सोसायटीने चारा वाटला. माझ्या गाईसाठी नियमाप्रमाणे ठरला तितका आला, एक पेंढी कमी नाही. त्याआधी जावक क्रमांक घातलेले पत्र: 'आपणांस कळविण्यात येते की'. भिंतीपलीकडच्या माणसाचे पत्र पोस्टमन देऊन गेला. मी ते दोनदा तपासले. चूक सापडली नाही.

वर्षभरात पाठिंबा निघाला आणि सरकार पडले. बातमी संपताच मी उठलो आणि त्याच्या ओसरीवर गेलो. तो सुपात तूर निवडत होता.

"सरकार पडलं," मी म्हणालो.

"ऐकलं."

"बसू का जरा?"

"लेखी द्या," तो म्हणाला. मला आयुष्यभर 'तू' म्हणणारा माणूस.

घरी येऊन मी कागद घेतला. प्रति, मा. चेअरमन. विषयाच्या ओळीत 'ओसरीवर बसण्याची परवानगी मिळणेबाबत' असे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. त्याखाली काय मागायचे ते कळेना. दिलगिरी व्यक्त करावी तर आक्षेप चुकीचा ठरत होता, आणि तो चुकीचा नव्हता. पलीकडून सूप आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

तो अर्ज मी दिला नाही. चार वर्षांनी तो वारला, तोवर आमच्यात सोसायटीच्या नोटिशींखेरीज शब्द झाला नाही.